दंडफेरी

बर्फ म्हटला की आम्हां गोंदियाकरांना रसवंतीतली, भुशात गुंडाळून ठेवलेली लादी आठवते. धानाच्या या जिल्ह्यात बर्फावरच्या खेळाचे कौतुक कोणाला असणार? तरीही २०२४ च्या फेब्रुवारीअखेरीस एस्टोनिया देशातील ओटेपे या लहानशा गावी भरलेली युवक व कनिष्ठ गटांची जागतिक बायथलॉन स्पर्धा मी माझ्या मुलाच्या मोबाइलवर पाहिली, आणि त्या खेळातील एका नियमाने मला पुढे कितीतरी दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

खेळ थोडक्यात असा. पायांना स्कीच्या लांब पट्ट्या बांधून, पाठीवर किमान साडेतीन किलोची रायफल घेऊन बर्फावरून धाव घ्यायची. मध्येच थांबून, छाती धपापत असतानाच, ५० मीटरांवरील पाच लक्ष्ये टिपायची. कधी पालथे पडून, कधी उभ्याने. पालथ्या स्थितीत लक्ष्याचा व्यास अवघा ४५ मिलिमीटर, उभ्याने ११५. काही शर्यतींत प्रत्येक चुकीमागे एकूण वेळेत ठरावीक भर पडते. बहुतेक शर्यतींत मात्र हुकलेल्या प्रत्येक नेमामागे १५० मीटरांची एक जादा फेरी, तिथल्या तिथे, पुढे जाण्यापूर्वी घालावी लागते. हिलाच मी दंडफेरी म्हणतो.

एका स्पर्धकाचे दोन नेम हुकले. दोन फेऱ्या घालून तो पुन्हा मुख्य वाटेला लागला, तेव्हा माझ्या मुलाने विचारले, “बाबा, आता याला कोणी काही म्हणणार नाही ना?”

“नाही रे. फेडलं त्यानं,” मी सहज बोलून गेलो. मुलगा गप्प राहिला. त्या गप्प राहण्याचा अर्थ मला उमगला आणि मान खाली गेली.

तीन वर्षांपूर्वी त्याने शिकवणीच्या शुल्काचे पैसे मित्रांसोबत उडवले होते. स्वतःहून येऊन त्याने ते कबूल केले आणि उन्हाळाभर राइस मिलमध्ये पोती वाहून पैन् पै परत केली. हिशेब मिटला होता. पण पोलीस भरतीच्या सरावासाठी बूट हवेत असे त्याने म्हटले, की माझ्या तोंडून निघायचेच, “मागच्यासारखं नको करू.” एका चुकीपायी मी त्याला तीन वर्षे फेऱ्या घालायला लावत होतो.

शिक्षा कोठे संपावी, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्यासमोर उभा आहे.

खेळाच्या नियमांत मला त्याच्या उत्तराचे काही धागे दिसतात. एक म्हणजे प्रमाण: चूक एक, तर फेरी एक. दुसरे असे की, किती फेऱ्या घालायच्या हे ध्यानात ठेवण्याची जबाबदारी स्पर्धकाचीच असते. पंचांची नजर असते, पण मोजणी ज्याची त्याने करायची. जो फेरी टाळतो, त्याच्या वेळेत दर फेरीमागे दोन मिनिटे वाढतात. चुकण्यापेक्षा चूक झाकणे महाग पडते, हे शहाणपण त्यात आहे. आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे: फेरी पुरी झाली की दंड संपतो. पापनिवेदनानंतर धर्मगुरूंनी सांगितलेले प्रायश्चित्तही असेच मोजके असते. ते आयुष्यभर पुरवायचे नसते.

कोणी म्हणेल, अशा सौम्यपणाने मुले बेफिकीर होतील. पण चुकीची किंमत येथे कमी होत नाही. १९६० साली हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम खेळला गेला, तेव्हा दर चुकीमागे दोन मिनिटे वाढत. सर्वांत वेगाने धावलेल्या फ्रेंच खेळाडूचे २० पैकी १८ नेम हुकले आणि तो फार मागे पडला. धावण्यात बराच मागे असलेल्या स्वीडनच्या क्लास लेस्टांडरने मात्र वीसही नेम साधून सुवर्णपदक मिळवले. दंड संपला तरी गेलेला वेळ परत मिळत नाही. परिणाम भोगावाच लागतो; उरत नाही तो फक्त कलंक.

मग चूक विसरायची का? तसेही नाही. नेम डावीकडे गेला, तर खेळाडू वाऱ्याचा अंदाज घेऊन रायफलीची दृष्टी सुधारतो. त्यासाठी चूक आठवावीच लागते. परंतु सुधारण्यासाठी आठवणे वेगळे आणि टोचण्यासाठी आठवणे वेगळे. पहिल्यात चुकणाऱ्याचे हित असते, दुसऱ्यात आठवणाऱ्याचा अहंकार. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरल्या भावाला सारे नीट आठवत होते. म्हणूनच तो मेजवानीबाहेर उभा राहिला. मी स्वतःला नेहमी त्या बापाच्या जागी पाहत आलो होतो. प्रत्यक्षात मी थोरला भाऊ होतो.

विश्वास काही एका दिवसात परतत नाही, हे मला मान्य आहे. पण तो परततो मुख्य वाटेवर, सोबत चालताना. ज्याला आपण फेरीतून बाहेरच पडू देत नाही, त्याने आपला विश्वास परत मिळवावा तरी कोठे?

काही दिवसांनी मुलाने पुन्हा बुटांचा विषय काढला. जुने वाक्य ओठांपर्यंत आले होते. मी ते गिळले आणि पैसे दिले. त्याने क्षणभर वाट पाहिली, बहुधा त्या वाक्याचीच. मग हसून तो पहाटेच्या रस्त्याला लागला.

वाचकहो, आपल्या घरात, आपल्या धर्मग्रामात अशी कितीतरी माणसे असतील, ज्यांची दंडफेरी केव्हाच पुरी झाली आहे आणि ज्यांना अजून कोणी तसे सांगितलेले नाही. ते सांगण्याची जबाबदारी आपली आहे.