बिरड्याचा रोजा आणि शाळेचा दाखला

परमुलखात बिऱ्हाड हलवावयाचे एकदा कायम झाले, म्हणजे भांडीकुंडी, राहती जागा, प्रवासाची कागदपत्रे या साऱ्यांची तजवीज यथावकाश लागते. परंतु मुलांना कोणत्या शाळेत घालावे, या एका प्रश्नापाशी मात्र भलेभले अडखळून उभे राहतात. त्या देशाच्या सरकारी शाळेत घालावे, की आपल्याकडचा अभ्यासक्रम चालविणाऱ्या शाळेत? आपल्या धर्माची शाळा असल्यास तीत, की धर्माचे नावही न काढणाऱ्या शाळेत? अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या आमच्या पट्टीतून आखाताकडे आणि आफ्रिकेकडे माणसे पिढ्यान्‌पिढ्या जात आली असल्यामुळे या प्रश्नाचा ऊहापोह येथील ओट्यांवर पुष्कळ वेळा झालेला आहे. वरवर पाहता तो खर्चाचा, अंतराचा आणि परीक्षांचा प्रश्न दिसतो. पण बोलणाऱ्याला थोडे अधिक बोलू दिले, तर त्याच्या तळाशी असलेले भय वर येते. मूल शिकेल, यात शंका नसते. ते आपले राहील की नाही, ही शंका असते. आणि ‘आपले’ म्हणजे काय, हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा नसून धर्माचा आहे.

या प्रश्नाची एक जुनी कैफियत आमच्याच किनाऱ्यावर घडलेली आहे. थळ ओलांडून किहीमकडे जाताना नवगाव लागते. फार प्राचीन काळी येथल्या समुद्रात एक जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया जिवंत किनाऱ्याला लागल्या, अशी बेने इस्राएल या यहुदी समाजाची परंपरागत समजूत आहे. त्यांचे वंशज अष्टागरात आणि कुंडलिकेच्या खोऱ्यात पसरले, गावांची नावे आडनावांत घेऊन पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर झाले, तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले गेले. त्यांच्यापाशी ग्रंथ उरले नव्हते, हिब्रू भाषा विस्मृतीत गेली होती, आणि शाळा तर नव्हतीच.

तरीही धर्म टिकला. कोचीनच्या रहाबी घराण्यातील दाविद नावाचा गृहस्थ या लोकांची पारख करण्यास आला असता त्याने त्यांच्या बायकांपुढे खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे मासे एकत्र ठेवले, व बायकांनी धर्माला निषिद्ध असलेले बिनखवल्यांचे मासे बाजूला सारून उरलेले तेवढे शिजविले, अशी आख्यायिका आहे. हा रहाबी अठराव्या शतकातला, असे अभ्यासक म्हणतात. समाजाची स्मृती त्याला बरीच मागे नेते. त्या कालनिर्णयाशी आपणांस कर्तव्य नाही. विचार करण्याजोगी गोष्ट ही, की परीक्षा स्वयंपाकघरात झाली आणि ज्यांना कोणी कधी शिकविले नव्हते त्या ती उत्तीर्ण झाल्या. या समाजाच्या सणांची नावेही पाहावीत : वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताचा तो ‘दारफाळणीचा सण’, आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचे सुतक ज्या दिवशी पाळावयाचे तो ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्या दिवशीचा उपास वालाच्या बिरड्यावर सुटे. हजारो कोस दूरचे मंदिर, फारशी भाषेतला रोजा आणि कुलाब्याचा वाल ही तिन्ही एका नावात नांदत होती, आणि त्यांत काही विसंगत आहे असे त्या नावाने हाक मारणाऱ्यांना वाटत नव्हते.

पुढे शिक्षक आले. रहाबीने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांस धर्मविधी शिकवून काजी नेमले, असे सांगतात. एकोणिसाव्या शतकात आले ते मिशनरी. अमेरिकन मिशनच्या शाळांतून बेने इस्राएल मुले मराठी लिहू-वाचू लागली. १८२९ साली मुंबईस उतरलेल्या जॉन विल्सन या स्कॉटिश पाद्र्याने त्यांच्यासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत रचून १८३२ साली छापले. हेतू उघड होता : जुना करार वाचता आला म्हणजे ही मंडळी नव्या कराराकडे आपोआप येतील. झाले ते विपरीत. ख्रिस्ती फार थोडे झाले. उरलेल्यांना मात्र स्वतःचा ग्रंथ प्रथमच सापडला, आणि आजवर आचाराने यहुदी असलेला समाज आता विचारानेही यहुदी झाला. १८४६ साली वल्हांडणाच्या रात्रीचा हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत शिळाछापावर निघाला. १८७५ साली हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत समाजाची स्वतःची शाळा उभी राहिली. आणि १८८०च्या सुमारास हे लोक बायबलातील कथांवर मराठीत कीर्तने करू लागले. परधर्माच्या शाळेने स्वधर्म दृढ केला, ही गोष्ट त्या शाळेच्या चालकांस रुचली नसेल. पण शाळेचा हेतू आणि शाळेचे फळ ही एकाच झाडाची असतात, असे मानण्यास इतिहासात आधार नाही, हे त्यावरून कळते.

आता याच कैफियतीचा उत्तरार्ध. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले तेव्हा भारतात बेने इस्राएल सुमारे २०,००० होते. पुढील दोनतीन दशकांत त्यांतील बहुसंख्य तिकडे गेले आणि बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा नगरांतून वसले. तेथे शिक्षण १९४९ च्या कायद्याने सक्तीचे झालेले होते, आणि १९५३ च्या कायद्याने सरकारी शाळांच्या दोन शाखा ठरल्या होत्या : एक सर्वसाधारण, दुसरी धार्मिक. आईबापांनी त्यांतून एक निवडावयाची. रेवदंड्याहून वा पनवेलहून गेलेल्या श्रद्धाळू माणसास या निवडीत संकट कसले वाटावे? पिढ्यान्‌पिढ्या अल्पसंख्य म्हणून राहिल्यानंतर प्रथमच अख्खी शाळा आपल्या धर्माची, सुटी शनिवारची, ग्रंथाची भाषा हीच वर्गाची भाषा. स्वधर्म याहून अधिक हाताशी यावयाचा तो कसा?

परंतु जी शाळा आपल्या धर्माची असते, ती आपल्या घराची असतेच असे नाही. त्या शाळेतील धर्म युरोपातून आणि इतर देशांतून आलेल्या विद्वानांच्या पाठशाळांत घडलेला होता. एलियाहू हन्नाबीच्या नावाने केला जाणारा मलिदा त्यात नव्हता, बिरडे नव्हते, आजीच्या प्रार्थनेतली मराठी नव्हती. परक्यांच्या शाळेत मुलाला आपण वेगळे आहोत एवढेच कळते. स्वकीयांच्या शाळेत आपण वेगळे आहोत म्हणजे उणे आहोत, असे त्याला वाटू लागण्याचा संभव अधिक. शंका शाळेपुरतीही राहिली नाही. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी त्यांच्या वंशावळीची चौकशी करण्याचे फर्मान काढले, आणि ज्यांनी ग्रंथावाचून धर्म सांभाळला त्यांच्याकडे आता पिढ्यांचे दाखले मागितले गेले. समाजाने निदर्शने केली, संप केला, आणि १९६४ साली तेथील संसदेने हे लोक सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. बिनखवल्यांचे मासे बाजूला सारणाऱ्या बायकांनी जे एका दुपारी सिद्ध केले होते, ते सिद्ध करण्यास त्यांच्या वंशजांना दोन वर्षे झगडावे लागले.

या दोन्ही अर्ध्या कैफियती समोरासमोर ठेवल्या, म्हणजे शाळेच्या निवडीवर आपण टाकलेला भार किती अवाजवी आहे ते दिसते. शाळा निवडणे हा पालकाचा अधिकार आहे. शाळेचे फळ निवडणे हा नव्हे. कोणी म्हणेल, तर मग कोठेही घालावे आणि स्वस्थ बसावे. तसे नाही. मुलाला तेथली भाषा लवकर यावी, सवंगडी मिळावेत, शिक्षक मायाळू असावेत, अंतर बेताचे असावे, एवढ्यासाठी केलेली चौकशी सार्थच आहे, आणि ती कसोशीने करावी. मात्र मूल आपले राहील असा मुचलका कोणत्याही शाळेकडून लिहून घेता येत नाही. मिशनरींच्या शाळेपाशी तो नव्हता, आणि स्वधर्माच्या राष्ट्राने काढलेल्या शाळेपाशीही नव्हता. शाळा मुलाला जगात उभे करते. उभे राहताना पायाखाली काय असावे, हे तिच्या अखत्यारीबाहेरचे आहे.

इस्राएलमध्ये गेलेल्या या मंडळींनी कालांतराने ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. ज्या भूमीच्या दिशेने पूर्वजांनी प्रार्थना केल्या, तिच्यावर पाऊल ठेवल्यानंतर ज्या भूमीत दिवस काढले तिची भाषा त्यांना मायबोली म्हणावीशी वाटली! ते त्यांना कोणत्याही शाळेने शिकविले नव्हते.

आमच्याकडे बिरडे करावयाचे तर वाल आदल्या दिवशी भिजत घालावे लागतात, फडक्यात बांधून त्यांना मोड आणावे लागतात, आणि मग पुन्हा पाण्यात टाकून एकेक दाणा सोलावा लागतो. हे काम एकट्याने करण्याचे नव्हे. घरातली म्हातारी माणसे आणि मुले परातीभोवती बसतात, आणि हात चालू असताना गोष्टी निघतात : हे आज का करावयाचे, पूर्वी कोण करीत असे, तो उपास कशाचा, ते मंदिर कोठले. नव्या नगरात जाणाऱ्या आईबापांनी शाळा अवश्य पाहावी, तिचे माहितीपत्रक बारकाईने वाचावे, आणि योग्य वाटेल तीत बेलाशक नाव घालावे. वाल मात्र घरीच भिजत घालावे लागतील.