पेन्शन कुणाची खासगी बाब?

माहिती अधिकार कायद्याचं (2005) कलम 4 सांगतं की प्रत्येक कर्मचाऱ्याचं मासिक वेतन कार्यालयाने स्वतःहून जाहीर करावं. मग जिल्हा परिषदेतला लिपिक जुन्या पेन्शनमध्ये आहे की 1 नोव्हेंबर 2005 पासूनच्या अंशदायी योजनेत, हे झाकायचं कशाला? ते बहुतांशी नेमणुकीच्या तारखेवरून ठरतं आणि भार करदात्यावर पडतो. नामनिर्देशनाच्या अर्जाचं मात्र तसं नाही. त्यात बायकोला किती टक्के, आईला किती, हे लिहिलेलं असतं. तिथे घराचा उंबरठा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं, ते याच उंबरठ्यासाठी. कुणी म्हणेल, पैसा जनतेचा, तर माहितीही जनतेची. पण वेतन कामाचा मोबदला आहे. घरातली वाटणी त्यात येत नाही. नावानिशी यादीमुळे भामटे निवृत्तांना गाठतील, ही भीती मला खरी वाटते. त्यासाठी खाते क्रमांक आणि जन्मतारीख वगळावी, योजनेचं नाव नव्हे.