नकाराचा अधिकार : संहिता, प्रयोग आणि कर्ता

प्रसिद्ध झालेली कृती कर्त्याची उरत नाही, हे विधान साहित्यसमीक्षेत आता जवळजवळ गृहीतच धरले जाते. त्याची खरी कसोटी मात्र संगीतात लागते. कारण तेथे संहिता आणि आस्वादक यांच्यामध्ये वादक उभा असतो. या दृष्टीने कैखुश्रू शापूरजी सोराबजी (१८९२-१९८८) या पियानोवादक-रचनाकाराचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे.

मुंबईच्या पारशी अभियंत्याचे हे पुत्र इंग्लंडमध्ये जन्मले व तेथेच राहिले. ‘ओपस क्लाविचेंबालिस्टिकुम’ ही चार तासांहून अधिक चालणारी रचना त्यांनी १९३० साली पूर्ण केली आणि त्याच वर्षी ग्लासगो येथे स्वतः वाजवली. पुढच्याच वर्षी ती छापून प्रसिद्ध झाली. १९३६ मध्ये लंडनला दुसऱ्या एका वादकाने तिचा पहिला भाग वाजवला. तो प्रयोग फसला. याच सुमारास सोराबजींनी आपल्या रचनांच्या जाहीर वादनास अनुमती नाकारण्याचे धोरण स्वीकारले आणि ते सुमारे चार दशके टिकवले. त्यांचे लेखन मात्र चालू राहिले.

हा नकार म्हणजे केवळ विक्षिप्तपणा, असे म्हणून चालणार नाही. कादंबरीचे वाईट वाचन त्या वाचकापुरतेच राहते. ग्रंथ दुसऱ्या वाचकासाठी अबाधित असतो. वाईट वादन मात्र श्रोत्याच्या दृष्टीने कृतीची जागाच घेते. ज्याला स्वरलेखन वाचता येत नाही, त्याला दोष वादकाचा की रचनेचा हे ठरवता येत नाही. कर्त्याची भीती येथे सकारण ठरते.

तरीही अधिकार कशावर, हा प्रश्न उरतोच. सोराबजींच्याच वर्षी, १८९२ मध्ये, गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई केरकर यांनीही नकाराचा कठोर अवलंब केला. आपल्या मैफलींचे ध्वनिमुद्रण त्या होऊ देत नसत. परंतु त्यांनी नाकारला तो आपलाच आवाज, आपल्या उपस्थितीपासून तोडला जाणारा. राग किंवा बंदिश इतरांनी गाऊ नये, असा हक्क त्यांना सांगता आला नसता. कारण त्या अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीतून आलेल्या होत्या आणि धोंडूताई कुलकर्णींसारख्या शिष्येकडे जाणार होत्या. आपल्या परंपरेत शुद्धतेची राखण मनाईने होत नाही, शिष्याच्या निवडीने होते. गुरू विद्या राखून ठेवतो हे खरे. पण ज्याला ती देतो त्याच्या गळ्यावर पुढे त्याची सत्ता चालत नाही.

स्वतःचा आवाज आवरणे आणि दुसऱ्याचे हात आवरणे यांत नैतिक अंतर आहे. स्वरलिपी ही मुळात दुसऱ्याच्या हातांना उद्देशून केलेली सूचना असते. ती छापायची आणि त्या हातांना थांबवायचे, यात आमंत्रण आणि प्रतिबंध एकाच वेळी संभवतात. शिवाय सोराबजींना हवा असलेला दर्जा वादनाच्या परंपरेतूनच येऊ शकतो, आणि परंपरेच्या वाटेत फसलेले प्रयोग असतातच. वाईट प्रयोगांपासून कृतीला वाचवताना चांगल्या प्रयोगाची शक्यताही लांबणीवर पडते.

श्रोत्याचे काय? नागपूर जिल्ह्यातील उमरेडच्या एखाद्या रसिकाला या रचनेवर मालकी सांगता येणार नाही. पण लंडनच्या सभागृहात बसणाऱ्यापेक्षा त्याचा दावा कमी नाही. दोघांनाही ती दुसऱ्याच्याच हातून मिळायची आहे. आपल्याकडे बंदिश गावोगावी पसरली ती अशाच असंख्य, कमीअधिक अपुऱ्या कंठांतून.

१९७६ मध्ये सोराबजींनी यॉन्टी सॉलोमन या पियानोवादकाला अनुमती दिली. १९८२ मध्ये जेफ्री डग्लस मॅज यांनी युट्रेक्ट येथे ‘ओपस’ संपूर्ण वाजवले; पहिल्या वादनाला तेव्हा बावन्न वर्षे झाली होती. या अनुमतीने आधीचा नकार खोटा ठरत नाही. त्याचे स्वरूप स्पष्ट होते. योग्य वादकाची वाट पाहण्याचा अधिकार कर्त्याला आहे. योग्य वादक घडूच नये अशी व्यवस्था करण्याचा नाही. चाळीस वर्षांचा तो नकार या दोहोंच्या सीमेवर उभा होता, आणि तो मोडण्याचे धैर्य कर्त्यानेच दाखवले, ही त्यातील सर्वांत नैतिक गोष्ट होय.