ती पहिल्यासारखी राहिली नाही

आवडत्या गायिकेचं नवं गाणं आलं की चाहत्यांमधून एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'ती आता पहिल्यासारखी राहिली नाही.' वरवर हे मत वाटतं, पण आत तक्रार असते. आपल्याला कुणीतरी शब्द दिला होता आणि तो पाळला गेला नाही, असा सूर असतो. शब्द दिला होता कोणी? आणि गायिकेने होती तशीच राहावं, असं म्हणायचा हक्क आपल्याला कुठून मिळतो?

हे नीट तपासायचं तर उदाहरण जरा अवघडच घ्यावं. जिचा आवाज मशीनमधून जातो, शब्द आणि चाली दुसरा कुणी करतो, नावसुद्धा धारण केलेलं आहे, अशा गायिकेचं. तिच्या बाबतीत 'पहिल्यासारखी' म्हणजे नक्की कशासारखी?

जपानी संगीतात मिनी अल्बम हा रुळलेला प्रकार आहे. सिंगलपेक्षा मोठा, पूर्ण अल्बमपेक्षा छोटा, साधारण पाच-सात गाण्यांचा. नव्या गायिकेला त्यात स्वतःला आजमावून बघता येतं, आणि कंपनीला फार पैसे न अडकवता अंदाज येतो. १७ ऑगस्ट २०११ रोजी असाच सहा गाण्यांचा एक मिनी अल्बम आला: 'मोशी मोशी हाराजुकू'. 'मोशी मोशी' म्हणजे फोन उचलल्यावरचं जपानी 'हॅलो'. हाराजुकू हा टोकियोतला भाग तरुणांच्या चित्रविचित्र फॅशनसाठी जगभर प्रसिद्ध आहे. गायिका होती क्यारी पाम्यू पाम्यू, वय १८. तोवर लोक तिला हाराजुकूची मॉडेल आणि ब्लॉगर म्हणून ओळखत होते.

या अल्बममधलं 'पोनपोनपोन' यूट्यूबवरून जगभर गेलं. खेळण्यातल्या पियानोसारखे सिंथेसायझरचे सूर, टाळ्या वाजवाव्यात असा ठेका, आणि अर्थापेक्षा नादासाठी निवडलेले शब्द. आवाज पातळ, सपाट, जवळजवळ भावनाशून्य. व्हिडिओसाठी कलाकार सेबास्टियन मासुदा यांनी गुलाबी पसाऱ्याची एक खोली उभी केली, आणि त्या गोंडस पसाऱ्यात मध्येच डोळ्यांची बुबुळं आणि मेंदू तरंगत राहतात. गोंडस आणि किंचित किळसवाणं यांचं मिश्रण ही क्यारीची स्वतःची आवड. मुलाखतींत तिने ते सांगितलेलं आहे. मात्र गाणी सगळी एकाच माणसाची: यासुताका नाकाता. शब्द, चाल, वाद्यमेळ, ध्वनिमुद्रण, सगळं त्याचं.

पुढच्या दहा वर्षांत हा आवाज सरकत गेला. २०१२ च्या 'फॅशन मॉन्स्टर'मध्ये गिटारचा रॉक आला. २०१३ च्या 'इन्व्हेडर इन्व्हेडर'मध्ये मध्येच डबस्टेपचा जड, घरघरणारा तुकडा येतो. २०१८ च्या 'जापाम्यू' या अल्बमचा रोख जपानीपणाकडे होता. आणि २०२१ चा 'कँडी रेसर' क्लबच्या डान्स फ्लोअरकडे झुकला. तिथे खेळण्यांचा आवाज मागे पडला आणि हाउस संगीताचा सरळ, न थांबणारा ठोका पुढे आला. १८ वर्षांची मुलगी एव्हाना २८ वर्षांची झाली होती.

अशा वेळी तीन तऱ्हेच्या तक्रारी होतात. पहिली, ती बदलली. दुसरी, ती तेच तेच करते. तिसरी सगळ्यांत गंभीर: तिचं त्यात आहेच काय? बदलला असेल तर नाकाता बदलला. तिला दोषही देता येत नाही आणि श्रेयही.

या तिसऱ्या तक्रारीत दम आहे का, हे तपासायची सोय त्या मिनी अल्बममध्येच आहे. शेवटचं गाणं आहे 'जेली'. ते नवं नव्हतं. नाकाताच्या कॅप्सूल या जोडगोळीने ते काही वर्षं आधीच केलं होतं, आणि तिथे गायिका होती तोशिको कोशिजिमा. म्हणजे गाणं तेच, संगीतकार तोच, बदलला फक्त गळा. दोन्ही लागोपाठ ऐकून बघा. कोशिजिमाच्या आवाजात ते रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्या शहराचं गाणं वाटतं. क्यारीच्या आवाजात तेच गाणं खेळायला निघतं. गायिकेचं काहीच नसतं, तर हा फरक पडला नसता. मशीनमधून गाळूनही माणसाचं काहीतरी उरतं. उच्चार उरतो, श्वासाची जागा उरते, आणि त्या आवाजाशी आपण जोडलेला चेहराही उरतो.

आपल्याला खरं तर हे नवीन वाटायला नको. पार्श्वगायनावर वाढलेले आपण. १९८१ च्या 'उमराव जान'साठी खय्याम यांनी आशा भोसले यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं. ओ. पी. नय्यर आणि राहुल देव बर्मन यांच्याकडे खट्याळ, चपळ वाटणारा आवाज अचानक शांत आणि खोल झाला. त्यातल्या 'दिल चीज क्या है'साठी आशाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शब्द शहरयार यांचे, चाल आणि पट्टी खय्याम यांची. तरी 'तुमचं त्यात काय?' असं कुणी विचारलं नाही, आणि 'खऱ्या आशाबाई कुठल्या, आधीच्या की आत्ताच्या?' असंही नाही. संगीतकाराने दार दाखवलं आणि त्या आत गेल्या, हे आपण सहज मान्य केलं. मग तीच सवलत कॉम्प्युटरवर चाल लावणाऱ्या संगीतकाराच्या गायिकेला द्यायला काय हरकत आहे? रियाजाचा फरक आहे, आणि तो मोठा आहे. पण रियाज हे कौशल्याचं मोजमाप झालं. गाणं कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नाही.

मग गाणं गायिकेचं केव्हा होतं? इथे जपानमधलीच आणखी एक 'गायिका' उपयोगी पडते. ऑगस्ट २००७ मध्ये क्रिप्टॉन फ्यूचर मीडिया या कंपनीने हात्सुने मिकू बाजारात आणली. हे यामाहाच्या व्होकलॉइड तंत्रावर चालणारं सॉफ्टवेअर आहे. साकी फुजिता या अभिनेत्रीचे ध्वनिमुद्रित उच्चार जोडून ते गातं. सोबत हिरवट-निळ्या लांब केसांच्या मुलीचं चित्र. तिचं वय कंपनीने १६ ठरवलं आणि ते १६ च आहे. जगभरातल्या हौशी संगीतकारांनी तिच्याकडून असंख्य गाणी गाऊन घेतली. नाजूक पॉप, कानठळ्या बसवणारं मेटल, सगळं. क्यारीपेक्षा मिकूचा आवाज कितीतरी जास्त वेळा बदलला. पण 'मिकू पहिल्यासारखी राहिली नाही' या वाक्याला अर्थच नाही, कारण मिकू 'नाही' म्हणू शकत नाही. तिला जे द्याल ते ती गाते.

क्यारी आणि मिकू यांच्यातला फरक मला इथे सापडतो. तो नैसर्गिक आवाज आणि कृत्रिम आवाज यांच्यातला नाही. दोघींचे आवाज यंत्रातून जातात. तो गाणं स्वतः लिहिण्या-न लिहिण्यातलाही नाही. एक जण नकार देऊ शकते, दुसरी देऊ शकत नाही. जिला नाही म्हणता येतं, तिच्या होकाराला किंमत असते. दुसऱ्याने लिहिलेल्या ओळी, दुसऱ्याने शिवलेला पोशाख, दुसऱ्याने फिरवलेला आवाज, हे सगळं ती 'हे माझं' म्हणून अंगावर घेते. मग लोक हसले तर तिच्यावर हसतात, आणि रंगमंचावर उभं तिला राहावं लागतं. त्या घेण्यातूनच गाणं तिचं होतं.

हे मान्य केलं की प्रश्न बदलतो. 'ही खरी ती आहे का?' असं विचारण्याऐवजी 'तिला नाही म्हणता येत होतं का?' असं विचारायला हवं. हा प्रश्न जास्त गैरसोयीचा आहे, कारण त्यात आपणही सापडतो. जपानच्या आयडॉल जगात चाहत्यांची 'तशीच राहा' ही अपेक्षा नियम बनू शकते. कुणावर प्रेम करायचं नाही, निदान कळू द्यायचं नाही. २०१३ च्या सुरुवातीला एकेबी फॉर्टीएट या गटातल्या एका तरुण गायिकेने एका मुलाच्या घरी रात्र घालवल्याचं एका साप्ताहिकाने छापलं. तिने डोक्यावरचे केस पूर्ण उतरवले आणि व्हिडिओत रडत चाहत्यांची माफी मागितली. तिने कुणाचं काय बिघडवलं होतं? चाहत्यांच्या मनातल्या एका चित्राला तडा गेला होता, इतकंच. आपलं 'पहिल्यासारखी राहिली नाही' हे वाक्य इतकं क्रूर नसतं, मान्य. पण घराणं तेच. समोरच्या माणसाने आपल्या आठवणीतल्या चित्राची राखण करावी, ही मागणी दोन्हीकडे आहे.

आणि हे फक्त गायिकांच्या वाट्याला येत नाही. 'तू खूप बदललीस हं' हे वाक्य तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलं असेल! गावाहून पुण्याला शिकायला गेल्यावर, नोकरी लागल्यावर, केस कापल्यावर, एखाद्या लग्नात काका-मामांसमोर स्वतःचं मत मांडल्यावर. मुलांनाही हे ऐकावं लागतं, पण मुलींना जास्त. त्याच वेळी मोबाइलवर दुसरा उपदेश चालू असतो: 'स्वतःसारखी राहा, ऑथेंटिक राहा.' ही दोन्ही वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण त्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे. आत कुठेतरी एक पक्की, न बदलणारी 'तू' आहे, असं दोघंही धरून चालतात.

ही समजूत फार जुन्या काळी तपासली गेली आहे. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो, जन्मलेला आणि नंतर वाढलेला माणूस तोच असतो की दुसरा? नागसेन म्हणतो, तोही नाही आणि दुसराही नाही. मग तो दिव्याचा दाखला देतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. मग दोन वेगळे दिवे होते का? तेही नाही. एकाच दिव्याच्या आधाराने ती रात्रभर जळत राहिली. २०११ ची क्यारी आणि २०२१ ची क्यारी यांच्याबद्दल यापेक्षा नेमकं काही सांगता येईल असं मला वाटत नाही. आपल्याबद्दलही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. असं म्हटलं तर कुठल्याही बदलाला माफीच मिळाली! कंपनीने बाजार बघून गायिकेला नवा रंग फासला, तरी आपण 'ज्योत बदलते' म्हणत बसायचं का? नाही. नकार देता येत होता का, हा प्रश्न तिथेच तर कामाला येतो. १८ वर्षांच्या मुलीला मोठ्या कंपनीसमोर खरोखर किती नकार देता येतो, ही शंका घ्यायलाच हवी. फक्त ती शंका कंपनीवर घ्यावी, मुलीवर नको. करार काय होता, स्टुडिओत कोण काय म्हणालं, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून निकाल देताना हात थोडा आखडता घ्यावा.

आणि श्रोत्याचे हक्क शाबूत राहतातच. 'कँडी रेसर' तुम्हाला एकसुरी वाटला तर तसं खुशाल म्हणा. पुन्हा 'पोनपोनपोन' लावा, ते कुणी पुसून टाकलेलं नाही. 'हे गाणं जमलेलं नाही' ही समीक्षा झाली. 'तू मला फसवलंस' हा आरोप झाला, आणि आरोपाला दिलेला शब्द लागतो. क्यारीने तर पहिल्या दिवसापासून काही लपवलं नव्हतं. उच्चारताना जीभ अडखळेल असं नाव, चेहऱ्यावर न मावणाऱ्या नकली पापण्या, प्लास्टिकचा पसारा. हे सगळं बनवलेलं आहे, असं ती उघड सांगत होती. बनवलेली गोष्ट पुन्हा वेगळी बनवली, यात खोटं काय झालं?

२०२१ मध्ये, पदार्पणाला दहा वर्षं होताना, तिने केआरके लॅब हे स्वतःचं लेबल सुरू केलं. इथे चाहत्यांच्या आवडत्या कथेप्रमाणे तिने नाकाताला सोडून 'आपला खरा आवाज' शोधायला हवा होता. तसं झालं नाही. त्या लेबलवरून आलेला 'कँडी रेसर' पुन्हा नाकाताचाच होता. काहींना ही सवय वाटेल, काहींना भीती. मला ती निवडही वाटते. स्वतःच्या नावाची पाटी लावल्यावरही जुन्याच माणसासोबत काम करावंसं वाटणं आणि त्याच्यासोबत वेगळ्या आवाजाकडे जाणं, यात स्वातंत्र्य कमी पडत नाही.

पुढच्या वेळी कुणी पहिल्यासारखं राहिलं नाही असं वाटलं, मग ती गायिका असो, मैत्रीण असो की बहीण, तर एक साधा प्रश्न आधी विचारता येईल: हा बदल तिने निवडला, की तिच्यावर लादला? निवडला असेल तर आपल्याला जे जाणवतंय ते नुकसान आपल्या आठवणीचं आहे, आणि ते आपणच सोसायला हवं. लादला असेल, तर तिच्याशी नव्हे, लादणाऱ्यांशी बोलायला हवं.