आड बुजला, म्हण राहिली

म्हणीला दोन अंगे असतात. एक, डोळ्यांसमोरची वस्तू. दुसरे, त्या वस्तूच्या आधाराने माणसांविषयी दिलेला निवाडा. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' या म्हणीत आड आणि पोहरा या वस्तू आहेत. मुळात जे नाही ते वर येणार नाही, हा निवाडा आहे. माणसाने नवी साधने हाती घेतली की आधी वस्तू जाते. निवाडा वेगळ्या गतीने जुना होतो आणि पुष्कळदा होतच नाही. मराठवाड्यातल्या नांदेड आणि लातूर या भागात हा फरक ठळकपणे दिसतो, कारण पिढ्यानपिढ्या चालत आलेली साधने इथे एखाद-दुसऱ्या पिढीतच बदलली.

आल्फ्रेड मॅनवेरिंग यांचा मराठी म्हणींचा इंग्रजी संग्रह 1899 मध्ये निघाला. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचे दोन भाग 1942 आणि 1947 मध्ये आले. तोवर म्हणींतल्या बहुतेक वस्तू घरात किंवा शिवारात वापरात होत्या. जाते, पोहरा, आणा म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नव्हते. सांगण्याची गरज त्यानंतर पडू लागली.

सर्वांत आधी, तेही सरकारी हुकमाने, नाणी गेली. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि इथे हाली सिक्का चाले. सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये हा त्याचा दर होता. 1957 मध्ये देशात दशमान नाणी आली, 1959 मध्ये हाली चलन रद्द झाले, आणि 30 जून 2011 पासून पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले. 'चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला' या म्हणीतले चार आणे आता कायद्यानेही उरलेले नाहीत. तरी ही म्हण कोणाला अडखळत नाही, कारण कामापेक्षा त्याचा खटाटोप महाग पडणे रोजचेच आहे. कवड्या तर त्याहून कितीतरी आधी व्यवहारातून गेल्या. पण सोयाबीनचे भाव पडले की 'कवडीमोल' हा शब्द बातमीच्या मथळ्यात आजही हमखास येतो आणि शेतकऱ्याला तो अगदी बरोबर समजतो.

वीज आली तशा घरातल्या वस्तू मागे पडल्या. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण समई आणि चिमणीच्या काळातली आहे. तेलाचा दिवा खाली ठेवलेला असतो आणि त्याच्या बुडाशी सावली पडते. छताला टांगलेल्या बल्बच्या खाली नेमका सर्वांत जास्त उजेड असतो. विजेच्या उजेडात वाढलेल्या मुलाला ही म्हण पाठ करावी लागते, दिसत नाही.

जात्याचे जाणे मात्र जास्त खोलवरचे आहे. 'जात्यातले रडतात, सुपातले हसतात' या म्हणीत आज ना उद्या आपलीही पाळी येणार, ही जाणीव आहे, आणि ती पहाटे उठून दळणाऱ्या बाईच्या हाताखाली घडलेली आहे. पिठाच्या गिरणीने तिची पहाट मोकळी केली, मनगटाची झीज थांबवली. हे सुख मोठे आहे. म्हणीच्या मायेपोटी त्याला उणे लेखणे अन्यायाचे ठरेल. पण दळण थांबले तशा जात्यावरच्या ओव्याही थांबल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्यांचा मोठा ठेवा हाती राहिला. म्हणीला असा आधार लागला नाही. ती सुटसुटीत होती, जात्याशिवायही चालत राहिली.

या भागातल्या म्हणींची खरी कसोटी पाण्याने घेतली. जुन्या वाड्यांच्या अंगणात आड असे, त्यावर रहाट, दोराला बांधलेला पोहरा. पोहऱ्याला किती दोर लागतो, यावरून घरातल्या बाईला पाण्याची पातळी कळत असे. 1972 च्या दुष्काळानंतर विंधनविहिरी वाढल्या आणि गावोगाव हापसे बसले. या हापशांच्या इतिहासात मराठवाड्याचा वाटा आहे. जालना आणि सोलापूर येथे तयार झालेल्या पोलादी हातपंपांच्या अनुभवातूनच पुढे देशभर पसरलेला 'इंडिया मार्क टू' घडला. नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरीचे पाणी पंपांनी उचलून कालव्यात टाकले जाऊ लागले, तेव्हा पाणी उताराकडेच जाते, हा पिढीजात समजही अपुरा ठरला. आड कचऱ्याने भरले, काही बुजवले गेले.

तरीही आडाची म्हण खोटी पडली नाही. इथल्या काळ्या पाषाणात पाणी राहते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. बोअर कितीही खोल नेला तरी खडकात नसलेले पाणी पंप आणू शकत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरचे नळ कोरडे पडले होते आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे शहरात पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, आणि मार्ग सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा. हे यंत्रणेचे मोठे यश होते. पण पोहरा मिरजेपर्यंत न्यावा लागला, कारण जवळच्या आडात काही नव्हते. त्याच उन्हाळ्यात 'पाण्यासारखा पैसा खर्च करणे' या वाक्प्रचाराचा पाया मात्र ढासळला. पाणी फुकट आणि अमाप असते, या समजावर तो उभा होता, आणि लातूरकर टँकरचे पाणी विकत घेत होते.

'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण तर इथे अक्षरशः घडते. 2012 मध्ये अधिक भाद्रपद होता, 2015 मध्ये अधिक आषाढ, आणि दोन्ही वर्षे मराठवाड्याला दुष्काळाची गेली. अधिक महिन्याला इकडे धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचे. सालगड्याचे साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत असते, म्हणजे त्याच्या वर्षात एक महिना वाढतो. पगारदाराच्या दिनदर्शिकेत तेरावा महिना नसतो, त्याला ही म्हण केवळ संकटावर संकट एवढीच समजते. शिवारातल्या माणसाला त्यातला खर्चही कळतो.

वस्तू शाबूत राहून निवाडाच जातो, तेव्हा म्हण खऱ्या अर्थाने जुनी होते. 'पिकतं तिथं विकत नाही' ही म्हण लातूरच्या आडत बाजाराने बरीचशी मोडीत काढली. परिसरातली तूर आणि सोयाबीन याच बाजारात येतात, इथल्याच दालमिलांत आणि तेलाच्या कारखान्यांत जातात. भाव ठरवण्याची ताकद मात्र पिकवणाऱ्याच्या हाती आली नाही. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात माल त्याहून कमी भावाने जात होता.

याच विसंगतीतून 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण कोसळली. निजामी अमदानीत सरकारी कारभार उर्दूत चाले, त्यामुळे मराठी कुणब्याच्या पोराला नोकरीची वाट अरुंद होती आणि धान्य घरचे असणे हीच मोठी निश्चिती होती. मग शिक्षण आले. 1950 मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज, 1970 मध्ये लातूरला राजर्षी शाहू महाविद्यालय, 1994 मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. परीक्षांची कसून तयारी करून घेणाऱ्या 'लातूर पॅटर्न'ने खेड्यातल्या मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या दारापर्यंत नेले, आणि हे या मातीतल्या माणसांचे खरे कर्तृत्व आहे. या तयारीसाठीच्या शिकवण्यांची फी पुष्कळ घरांत शेतमालाच्या पट्टीतूनच भरली जाते. आता ही म्हण उलटी म्हटली जाते: उत्तम नोकरी, मध्यम व्यापार, कनिष्ठ शेती. सोयरिकीच्या बोलणीत मुलाला नोकरी हवी आणि पाठीशी शेतीही हवी असते. मुलगा फक्त शेती करतो असे कळले, की बोलणी तिथेच थांबतात.