हळू चालणारा याकोब आणि निसरडी सडक

(शास्त्रभाग : उत्पत्ति ३३ : १२–१७)



वीस वर्षांच्या वियोगानंतर याकोब व एसाव हे दोघे भाऊ भेटले, एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, आणि मग एसावाने सुचविले की आता आपण बरोबरच निघू. एसावाबरोबर चारशे माणसे होती आणि ती सर्व चालण्यास मोकळी होती. याकोबाने मात्र ते बोलावणे नम्रपणे नाकारले. त्याच्यासोबत कोवळी लेकरे होती, पिले पाजणाऱ्या मेंढ्या व गाई होत्या. एकच दिवस त्यांना दामटले तरी सारा कळप मरून जाईल हे तो जाणून होता. जी चाल लेकरांना व जनावरांना सोसेल तीच आपली चाल, असे त्याने ठरविले. (पुढे तो सेईरास न जाता सुक्कोथास गेला, ही गोष्ट निराळी, तिचा विचार आज आम्ही करीत नाही.) वाहन हाकणाऱ्या मनुष्यास ह्याहून उपयोगी शास्त्रभाग आम्हास दुसरा आढळलेला नाही.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून मलकापूर, नांदुरा, खामगाव ह्या गावांवरून जुना राष्ट्रीय महामार्ग जातो. डिसेंबर २०२२ पासून मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगावराजा ह्या तालुक्यांतून समृद्धी महामार्गावरही वाहने धावू लागली आहेत. खेड्यांतील कित्येक घरांचे मुलगे ट्रकवर ड्रायव्हर किंवा क्लीनर म्हणून पोट भरतात, आणि कित्येक मजूर मालाच्या गाडीवर बसून कामावर जातात. तेव्हा हा विषय परक्यांचा नव्हे.

२० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात तढेगावाजवळ काय घडले ते पुष्कळांच्या स्मरणात असेल. समृद्धी महामार्गाच्या कामावरील सोळा मजूर लोखंडी सळयांनी भरलेल्या टिप्परवर बसून जात होते. भर दुपारी तो टिप्पर उलटला व तेरा मनुष्ये मरण पावली. गाडी वेगात होती व रस्त्यात खड्डा होता, असे त्या वेळी पोलिसांकडून सांगण्यात आले. त्या हाकणाऱ्याचा न्याय करणे आमचे काम नव्हे. परंतु सळयांवर मनुष्ये बसविली की ती गाडी लोखंडाची राहत नाही, ती मनुष्यांची होते. माल वाहणाऱ्या गाडीवर अशी माणसे बसविण्यास कायद्याची मनाई आहे, आणि ती मनाई कशासाठी आहे हे त्या दिवशी दिसून आले. वळणावर किंवा खड्ड्यात गाडी कलली की मनुष्य काहीतरी धरू पाहतो. सळई काही धरीत नाही, ती कललेल्या बाजूस घसरते व गाडीला आपल्यामागे ओढून नेते.

आता घसरणे म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. चाक जोवर फिरत असते तोवर रबराची सडकेवर पकड असते, आणि त्या पकडीच्या बळावरच स्टेअरिंग वळविले तर गाडी वळते. ओल्या सडकेवर घाबरून ब्रेक एकदम दाबला की चाक जागच्या जागी जखडते, व जखडलेले चाक नांगराच्या फाळाप्रमाणे सरळ ओढले जाते. मग स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी ऐकत नाही. अशा वेळी मनुष्याचा स्वभाव सांगतो, आणखी जोराने दाब. शिकलेला हात व पाय ह्याच्या उलट करतात. ब्रेकवरचा पाय सैल करावा, अॅक्सिलरेटरही सोडावा, म्हणजे चाक पुन्हा फिरू लागते व गेलेली पकड परत येते. गाडीचा मागचा भाग उजवीकडे जात असेल तर स्टेअरिंगही उजवीकडेच, पण हलके, वळवावे. फार वळविले तर गाडी सावरताना झोका घेऊन दुसऱ्या बाजूस जाते, आणि तो दुसरा झोका पहिल्याहून घातक असतो. डोळे ज्या झाडावर आदळण्याचे भय आहे त्यावर खिळवू नयेत; जेथे जावयाचे आहे त्या मोकळ्या वाटेकडे ठेवावेत, कारण हात डोळ्यांच्या मागे जातात.

लांब ट्रेलरची गोष्ट ह्याहून कठीण. पुढच्या इंजिनाच्या गाडीची मागील चाके जखडली की पाठीमागचा भरलेला ट्रेलर तिला ढकलतो, आणि अडकित्ता मिटावा तशी सारी गाडी मिटते. ती एका मर्यादेपलीकडे मिटली म्हणजे कितीही कसलेल्या ड्रायव्हरला उलगडत नाही. ट्रेलरचीच चाके जखडली तर त्याचे शेपूट बाजूच्या रांगेत फिरते. आरशात ते दिसताच ब्रेक सोडून त्या चाकांना फिरू द्यावे, आणि ट्रेलरचा निराळा हातब्रेक असल्यास त्यास हात लावू नये. नव्या जड वाहनांत चाक जखडू न देणारी योजना बसविलेली असते, तेथे नियम वेगळा आहे: ब्रेक घट्ट दाबून धरावा, वारंवार सोडू नये, सोडण्याचे काम ते यंत्र स्वतः करते. म्हणून आपल्या हाती दिलेले वाहन कोणत्या प्रकारचे आहे हे सकाळी निघतानाच विचारून घ्यावे. विचारण्यात कमीपणा नाही.

हे सारे शिकण्यासारखे असले तरी खरी सुटका घसरण्यापूर्वीच होते. वेग दुप्पट झाला की थांबण्यास सुमारे चौपट अंतर लागते, आणि ओल्या डांबरावर त्याहूनही अधिक. पहिल्या पावसाची सर फार फसवी असते. सडकेवर उन्हाळाभर साचलेले तेल व धूळ पाण्यात कालवून तिचे लोणी होते. बुलढाण्याहून मलकापुराकडे राजूर घाट उतरताना, किंवा खामगावाकडे बोथ्याच्या जंगलातून जाताना, उताराच्या तोंडाशीच खालचा गियर घालावा. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडणारे आहेत; ते काही थेंब वाचवितात आणि काय पणास लावतात ते सांगावयास नको. रिकामी गाडी सुरक्षित, हीही एक चुकीची समजूत आहे. रिकाम्या ट्रकच्या मागील चाकांवर भार नसतो, म्हणून ओल्या उतारावर ती सहज सुटतात.

येहू आपला रथ इतक्या बेफामपणे हाकीत असे की बुरुजावरील पहारेकऱ्याने त्याला दुरून चालीवरूनच ओळखले. येहूला कोणाचे घर उलथून टाकावयाचे होते. ज्याच्या गाडीवर मजूर बसले आहेत त्याने येहूची चाल धरावी, हे कसे शोभेल?

परंतु सर्व भार ड्रायव्हरच्या शिरावर घालणे आम्हास न्यायाचे वाटत नाही. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा. नाहीतर कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल. पडणारा बेसावध होता, हे उत्तर तेथे चालत नाही. गुळगुळीत झालेली टायरे पावसाळाभर चालविणारा मालक, उजाडण्यापूर्वी पोहोचलेच पाहिजे असे बजावणारा मुकादम, सळयांवर मनुष्यांना बसा म्हणणारा ठेकेदार, ह्यांनी कठड्यावाचून घर बांधले आहे. मजुरांनाही आम्ही विनवितो की, बायाबापड्यांनो, असल्या गाडीवर चढू नका. रोज बुडण्याचे दुःख आम्ही जाणतो, तरीही सांगतो.

आणि आपले काय? पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पावसात कशी चिकटते हे आपणास कोणी शिकवावयास नको. शेतातून निघालेला ट्रॅक्टर तिचे गोळे चाकांनी डांबरी सडकेवर पसरवितो, आणि त्याच गाऱ्यावर रात्री परक्या गावचा ट्रक घसरतो. कित्येक ठिकाणी गाड्यांच्या चाकांखाली फुकट मळणी व्हावी म्हणून पीक सडकेवरच पसरतात. कडब्यावर व शेंगांवर चाक कसे सरकते, ते मोटरसायकलवाल्यांना विचारावे. मग एखादी गाडी उलटलीच, तर तेल असल्यास डबे घेऊन व फळे असल्यास पोती घेऊन गाव धावते, आणि केबिनमध्ये अडकलेला मनुष्य तसाच राहतो. यरीहोच्या वाटेवरील याजक निदान काही उचलून तरी घेऊन गेला नाही. जखमीला दवाखान्यात नेले तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती आता धरू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अशा मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

उपदेशक बंधूंनी ही गोष्ट सोयाबीनची सोंगणी सुरू होण्यापूर्वीच्या रविवारी मंडळीत सांगावी. मळणी खळ्यावर किंवा ताडपत्रीवर करावी. प्रत्येक ट्रॅक्टरवर एक फावडे बांधून ठेवावे, आणि सडकेवर चढण्यापूर्वी बांधाशीच थांबून चाकांचा गारा काढावा. चुकून सडकेवर पडलाच, तर अंधार होण्यापूर्वी परत येऊन तो ओढून टाकावा.