आशा आणि साक्ष

गेल्या महिन्यात रविवारची मिस्सा आटोपून आम्ही बाहेर आलो, तेव्हा धर्मग्रामातील एक तरुणी आपल्या आजोबांसह आमची वाट पाहत उभी होती. जाहिरातीच्या क्षेत्रात आठ वर्षे काढल्यावर ती आता मुंबईतील एका व्हेंचर कॅपिटल संस्थेत, म्हणजे साहस भांडवल पुरवणाऱ्या संस्थेत, मार्केटिंगची जबाबदारी स्वीकारणार होती. नव्या कामासाठी तिला आशीर्वाद हवा होता. आजोबांचा चेहरा मात्र साशंक होता. ते म्हणाले, "फादर, एकाचा पैसा घ्यायचा आणि दुसऱ्याला द्यायचा, म्हणजे ही सावकारीच की!" नात हलकेच म्हणाली, "फादर, मला सावकारीची नाही, स्तुतीची भीती वाटते. दिवसभर दुसऱ्यांची वाहवा करता करता मी खोटे बोलू लागेन का?"

त्या दिवशी आम्ही आशीर्वाद दिला, परंतु उत्तर अपुरे दिले. ते येथे पुरे करण्याचा हा प्रयत्न.

आजोबांच्या शंकेचे निरसन तुलनेने सोपे आहे. शेतकऱ्याचे पीक बुडाले तरी सावकार मुद्दल आणि व्याज मागतोच. साहस भांडवल देणारा कर्ज देत नाही, तो नव्या उद्योगाचा भागीदार होतो. उद्योग बुडाला की त्याचाही पैसा बुडतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी व्याजबट्ट्याचा कठोर निषेध केला. मात्र जो आपला पैसा व्यापाऱ्याच्या किंवा कारागिराच्या हाती भागीदारीत सोपवतो आणि बुडण्याचा धोका स्वतःच्या शिरावर ठेवतो, त्याने नफ्यात वाटा मागणे न्याय्य आहे, असा निर्वाळाही त्यांनीच दिला. १९४६ साली अमेरिकेत बॉस्टन येथे जॉर्ज डोरिओ यांच्या धुरीणत्वाखाली अशी संस्था निघाली आणि १९५७ साली तिने 'डिजिटल इक्विपमेंट' या संगणक कंपनीत ७०,००० डॉलर गुंतवून मोठे यश मिळवले. तेव्हा आजोबांनी निश्चिंत असावे.

नातीचा प्रश्न मात्र अवघड आहे. साबणाची जाहिरात करणाऱ्याच्या हाती निदान साबण असतो. हिच्या हाती काय आहे? आपल्या देशात सेबीच्या २०१२ च्या नियमांनुसार अशा निधीला सर्वसामान्य जनतेला पैसे गुंतवण्याचे आवाहन करता येत नाही, आणि एका गुंतवणूकदाराकडून सर्वसाधारणपणे किमान १ कोटी रुपये घ्यावे लागतात. मग मार्केटिंग कशाचे? हुशार उद्योजकाने इतर दारे सोडून आपले दार ठोठवावे, ज्यांचा पैसा हाती आहे त्यांचा विश्वास टिकावा, आणि ज्या कंपन्यांत तो घातला त्यांची नावे लोकांच्या कानी जाऊन त्यांना चांगली माणसे मिळावीत, यासाठी हा खटाटोप असतो. थोडक्यात, हिला जपायची आहे ती पत, आणि सांगायची आहे ती आशा. या व्यवसायाचे गणितच असे की बऱ्याचशा कंपन्या अपयशी ठरतात किंवा जेमतेम तग धरतात, आणि मोजक्या काहींच्या यशावर सगळा निधी तरतो. हे संस्थेला पक्के ठाऊक असते. तरीही प्रत्येक कंपनीविषयी उत्साहानेच बोलावे लागते.

हा उत्साह असत्य आहे काय? आम्हांला तसे वाटत नाही. बी पेरणारा शेतकरीही पिकाविषयी आशेनेच बोलतो. मात्र आशेला सत्याची एक सीमा आहे. रोममधील विचारवंत सिसेरो यांनी ऱ्होड्‌स बेटावरील धान्यव्यापाऱ्याचा दाखला दिला आहे. बेटावर दुष्काळ आहे, धान्याची आणखी जहाजे मागून येत आहेत आणि ते एकट्या या व्यापाऱ्याला ठाऊक आहे. त्याने ग्राहकांना ते सांगावे काय? सिसेरोंचे मत, लपवू नये. संत थॉमस म्हणतात, न्यायाने तो बांधलेला नाही, पण त्याने सांगितले तर तो अधिक मोठा सद्गुण ठरेल. मालातील छुप्या दोषाच्या बाबतीत मात्र ते सवलत देत नाहीत. ज्या दोषामुळे घेणाऱ्याची हानी होईल किंवा त्याला धोका पोचेल, तो विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे.

हा भेद आजही उपयोगी पडतो. बोटातील रक्ताच्या काही थेंबांवर अनेक चाचण्या करू, असे सांगणाऱ्या 'थेरानोस' या अमेरिकी कंपनीचे मूल्य २०१४ साली सुमारे ९ अब्ज डॉलर मानले गेले. "एक दिवस हे साधेल" असे कंपनीने म्हटले असते, तर ती आशा ठरली असती. यंत्र आजच काम देते असे म्हटले, ती खोटी साक्ष झाली. २०१६ मध्ये कंपनीला आपल्या यंत्रावरील दोन वर्षांचे अहवाल रद्द करावे लागले, आणि २०२२ मध्ये संस्थापिका एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरल्या.

कोणी म्हणेल, जाहिरात ही जाहिरातच, वाचणाऱ्याला ते कळते. उघड अतिशयोक्ती कळते, हे खरे. दडवलेली गोष्ट कशी कळावी? डोक्यावर घरकर्ज असलेला एखादा तरुण तिचा लेख वाचून स्थिर नोकरी सोडील आणि पगाराचा काही भाग समभागांच्या रूपाने स्वीकारील. त्या कंपनीकडे चारच महिने पुरेल इतका पैसा आहे, हे ठाऊक असताना तिची भरभराट वर्णन करणे म्हणजे या तरुणाविरुद्ध साक्ष देणे होय. व्यवसायाची गुपिते सांगणे तिच्यावर बंधनकारक नाही. पण मौनाने कोणाचे घर बुडणार असेल, तर निदान तेथे तिने स्तुती तरी लिहू नये. वरिष्ठांची मर्जी गेली तरी चालेल.

हे लिहिताना आमचीही लेखणी अडखळते. धर्मग्रामाच्या वार्षिक अहवालात आम्ही शिबिरांची आणि सोहळ्यांची संख्या अगत्याने देतो. बंद पडलेला रात्रवर्ग मात्र पुढच्या वर्षी नकळत गाळलेला असतो. संस्था कोणतीही असो, यशाची यादी करणारा हात अपयशापाशी थबकतो.

म्हणून, मुली, आमचे राहिलेले उत्तर असे. उद्याविषयी आशेने लिही, आजविषयी साक्षीदारासारखे लिही. आकडा छापण्यापूर्वी तो कोठून आला हे विचार. आणि आपले लिखाण आजोबांना वाचून दाखव. त्यांना व्हेंचर कॅपिटल कळत नसेल, पण बोलणारा काही लपवतो आहे, हे त्यांना बरोबर कळते.